गरम करून विका!

मंडळी, आजचा लेख जरा चिडून लिहितोय. शनिवारी सकाळी चहाबरोबर काहीतरी हलकंफुलकं वाचायला आलेल्यांनी सरळ पुढच्या आठवड्यात यावं.

विषय तसा फुटकळ आहे. माझ्याकडे एक जुना पिकअप ट्रक आहे. २००६ सालचा, व्ही-८ इंजिनाचा. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल.) या हिवाळ्यात त्याच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे दोन स्टड मोडले. सकाळी थंडीत इंजिन चालू केलं की उजवीकडून टिक-टिक-टिक असा आवाज सुरू. कुणीतरी बॉनेटखाली बसून टाइपरायटर बडवतंय असं वाटावं. ॲक्सिलरेटर दाबला की टायपिस्टचा वेग वाढतो. आणि गंमत म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत इंजिन नीट तापलं की सगळं चिडीचूप.

हे मी इथल्या आमच्या कंपूत बोलून दाखवलं. त्यावर मिळालेला सल्ला असा: "अरे, मग सोपं आहे की. विकून टाक. गिऱ्हाईक यायच्या आधी पंधरा मिनिटं चालू करून ठेव. गरम झाली की आवाजच नाही!"

हा सल्ला एकाने दिला असता तर हसून सोडून दिला असता. चौघांनी दिला. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या घरी, एकमेकांशी न ठरवता. चौघेही इंजिनिअर, चौघेही सभ्य. त्यातला एक तर दुकानदाराने चुकून पाच डॉलर जास्त परत दिले तर गाडी वळवून परत द्यायला जाणारा. मला राग आला तो नेमका याच गोष्टीचा. लबाड माणसाने लबाडीचा सल्ला दिला तर त्यात लिहिण्यासारखं काय आहे? पण चार भल्या माणसांना यात काही वावगं आहे असं वाटलंच नाही, त्याचं काय करायचं?

आता हा स्टड प्रकार काय आहे ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं भांडण त्यावर उभं आहे.

व्ही-८ इंजिनात चार सिलिंडर उजवीकडे, चार डावीकडे. प्रत्येक सिलिंडरमधून जळका धूर बाहेर येतो. एका बाजूच्या चार तोंडांतला धूर गोळा करून एका नळीत सोडणारा जो ओबडधोबड बिडाचा तुकडा, तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. हा इंजिनाच्या हेडला आठ एमएमच्या स्टडांनी आवळलेला असतो. स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. दोन्ही टोकांना आटे. एक टोक हेडमध्ये रुतलेलं, दुसऱ्यावर नट.

मॅनिफोल्ड बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. बारावीचं फिजिक्स आठवा: तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. मग वाटेल की हेडच जास्त वाढत असेल. पण हेडमधून पाणी खेळतं, ते शंभर अंशांच्या आसपास राहतं. मॅनिफोल्ड मात्र लोड आला की पाचशे-सहाशे अंशांवर जातो. ढोबळ हिशेब करू. लांबी अर्धा मीटर धरली आणि तापमानातली वाढ पाचशे अंश धरली, तर बीड जवळजवळ पावणेतीन एमएम वाढतं. हेड वाढतं एक एमएमपेक्षा थोडं कमी. मध्ये पावणेदोन-दोन एमएमचा फरक उरला. तो दोन्ही टोकांकडे वाटला गेला, तर शेवटच्या स्टडच्या वाट्याला जवळजवळ एक एमएमचं ढकलणं येतं. कंपनीने मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात, मॅनिफोल्डने गॅस्केटवरून जरासं सरकावं म्हणून. नवीन असताना तो सरकतोही. गंज चढला की सरकणं बंद होतं आणि स्टड वाकायला लागतो. रोज दोनदा गाडी चालू केली तर पंधरा वर्षांत दहा हजारांच्या वर वेळा वाकणं आणि सरळ होणं. पेपरक्लिप दहा-वीस वेळांत तुटते.

त्यात आणखी एक भानगड. तापलेल्या मॅनिफोल्डला वाढायला जागा मिळाली नाही तर तो स्वतःतच दबतो, आणि थंड झाल्यावर पहिल्यापेक्षा थोडा आखूड होतो. असं वर्षानुवर्षं. जुना मॅनिफोल्ड काढून परत लावायला जावं तर त्याची भोकं स्टडांशी जुळत नाहीत, ती यामुळे. म्हणजे गरम असताना टोकाचा स्टड बाहेर ढकलला जातो आणि थंड असताना आत ओढला जातो. बहुतेक वेळा मागच्या टोकाचा, केबिनच्या भिंतीजवळचा स्टड आधी जातो. तिथेच हात पोचत नाही हे ओघाने आलंच.

मी राहतो मिशिगनमध्ये. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे, शंभर वर्षांहून जुनी, आणि तिथलं मीठ रस्त्यांवर पडतं. म्हणजे एकाच शहराने गाड्या बनवायच्या आणि त्याच शहराच्या पोटातल्या मिठाने त्या खायच्या. असो. पोलादी स्टड, ॲल्युमिनियमचं हेड आणि मध्ये खारं पाणी, हा तर केमिस्ट्रीच्या लॅबमधला सेलच झाला.

आता कंपनीचं नाव का लिहिलं नाही ते. कारण हा रोग एकाच घराण्यातला नाही. फोर्डचं ५.४ लिटर ट्रायटन, जीएमचं ५.३ लिटर व्होर्टेक, क्रायस्लरचं ५.७ लिटर हेमी, तिन्ही इंजिनं मॅनिफोल्डचे स्टड किंवा बोल्ट मोडण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. हेमीच्या आवाजाला तर 'हेमी टिक' असं नावच पडलंय. ठरावीक इंजिनाच्या ठरावीक मोडक्या स्टडसाठी ड्रिलचे साचे तयार मिळतात. एखादी गोष्ट इतक्या ठरावीक जागी मोडते की ती काढायच्या हत्यारांचा वेगळा बाजार उभा राहतो, तेव्हा 'तुमचं नशीब खराब' हे उत्तर मला कुणी देऊ नये. हा डिझाइनमधला दोष आहे. वॉरंटी संपेपर्यंत टिकतं ना, मग पुढचं पुढच्या मालकाचं, असा हिशेब त्यामागे आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

पण कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे. 'पुढचं पुढच्या मालकाचं' हा हिशेब आमच्या कंपूने चहाच्या कपावर दहा सेकंदांत केला, त्याचं बोला.

आवाज गरम झाल्यावर का जातो? धातू प्रसरण पावून फट तात्पुरती बुजते म्हणून. स्टड जोडला जात नाही. फट दुसऱ्या दिवशी सकाळी परत उघडते, आणि रोज थोडी मोठी होते. त्या फटीतून गरम धूर जोराने सुटतो आणि हळूहळू गॅस्केट आणि मॅनिफोल्डचा काठ खातो. शिवाय धूर झटक्याझटक्याने बाहेर पडतो, आणि दोन झटक्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. पुढे बसलेला ऑक्सिजन सेन्सर ती हवा बघतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर बिचारा प्रामाणिकपणे पेट्रोल वाढवतो. मॉनिटरिंग खोटं बोलतंय आणि त्यावर विसंबून सिस्टीम स्वतःला 'सुधारते' आहे. अशा रात्री आपण सगळ्यांनी काढलेल्या आहेत, जास्त सांगत नाही.

हे झालं गाडीचं. आता माणसाचं. ही गळती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी आहे, म्हणजे धूर कच्चा आहे, त्यात कार्बन मोनॉक्साइड आहे. त्याला रंग नाही, वास नाही. गळतीची जागा इंजिनाच्या मागच्या टोकाला. त्याच्या थोडं वर, काचेच्या पायथ्याशी, केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळी. जानेवारीत काचा बंद, हीटर फुल. उणे दहामध्ये कुणीतरी गाडी चालू करतो, काचेवरचा बर्फ वितळेपर्यंत आत बसून राहतो. म्हणजे ज्या पंधरा मिनिटांत फट उघडी असते, नेमकी तीच पंधरा मिनिटं. प्रत्येक मोडक्या स्टडने माणूस मरतो असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण पाच-सहा हजार डॉलरचा जुना ट्रक विकत घेणारा कोण असतो? लोकांच्या लॉन कापणारा, नुकतं रंगकाम सुरू केलेला, मागच्या सीटवर पोराला बसवून कामावर जाणारा. त्याला धोका किती आहे ते ठरवण्याचा हक्क त्याचा. तो तुम्ही पंधरा मिनिटं इंजिन तापवून काढून घेताय.

यावर मला दोन उत्तरं मिळाली. पहिलं, "बघून घ्यायचं काम गिऱ्हाइकाचं." मिशिगनमध्ये खाजगी गाड्यांची दरवर्षी सक्तीची तपासणी होत नाही, खाजगी विक्री 'जशी आहे तशी' असते. कायद्याने कदाचित कुणी पकडणार नाही. मान्य. पण मग इंजिन तापवून कशाला ठेवताय? गिऱ्हाइकाने बघावं असं खरंच वाटत असेल तर थंड दाखवा. तापवून ठेवायचं म्हणजे त्याने बघू नये यासाठी कष्ट घ्यायचे, आणि वर म्हणायचं की बघायचं काम त्याचं. रिलीजच्या आदल्या दिवशी टेस्टरला ज्या स्क्रीनवर बग दिसतो ती स्क्रीनच बंद करून ठेवली आणि मग म्हटलं, "टेस्टिंग तुझं काम होतं," तर आपण त्याला काय म्हणतो?

दुसरं उत्तर जरा प्रामाणिक होतं. "मला पण असाच विकला होता एकाने." म्हणजे गावभर फिरणारी खोटी नोट. आपल्या हातात आली हे कळलं की पटकन खपवून मोकळं व्हायचं. नोट ज्याच्या हातात थांबेल त्याचं नुकसान. अशा वेळी नोट स्वतःकडे ठेवून घेणारा माणूस आमच्याकडे भोळसट ठरतो.

बरं, खरं सांगून विकलं तर नुकसान किती? हे गणित चौघांपैकी एकानेही केलं नव्हतं. मी एका दुकानात कोटेशन घेतलं होतं: सोळाशे डॉलर, आणि आत मोडला तर त्याचे वेगळे. म्हणजे 'मागचे दोन स्टड मोडलेत, थंड असताना आवाज येतो' हे एक वाक्य जाहिरातीत लिहिलं तर किंमत फार तर दीड-दोन हजारांनी उतरेल. एवढाच भाव आहे खरं बोलण्याचा. आमच्या कंपूतली माणसं एवढे पैसे एका लाँग वीकेंडला उडवतात आणि त्याचे फोटोही टाकतात.

आता सोळाशे डॉलर ऐकून सगळ्यांचा जो सूर लागला त्याबद्दल. "दोन बोल्टांचे सोळाशे? लुटतात साले." इथे मी पूर्णपणे दुकानदाराच्या बाजूने आहे.

इथल्या बऱ्याच गॅरेजांमध्ये मेकॅनिकला तासावर पैसे मिळत नाहीत. प्रत्येक कामाला पुस्तकात ठरावीक तास लिहिलेले असतात, तेवढ्याचेच पैसे. मॅनिफोल्ड काढून लावायला अमुक तास. पण पुस्तक लिहिणाऱ्याने धरलेलं असतं की प्रत्येक नट शहाण्यासारखा सुटेल. आठ स्टडांपैकी दोन आधीच मोडलेले, उरलेल्यांपैकी किती काढताना मोडतील ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. मोडला तर कधी दहा मिनिटांत निघेल, कधी अख्खा दिवस खाईल. हा दिवस कोणाच्या खिशातून जाणार? म्हणून बरीच दुकानं हे काम घेतच नाहीत, आणि घेणारे अंदाजात धोक्याची किंमत धरतात. आपण नाही एस्टिमेटमध्ये बफर धरत? एका फाईलमधली एक ओळ बदलायला दोन दिवस लावतो आणि क्लायंटला म्हणतो, "ओळ एकच आहे, पण ती कुठली ते कळायला अनुभव लागतो." हे वाक्य आपल्या तोंडी शोभतं, आणि हाताला ग्रीस लागलेल्या माणसाने म्हटलं की ती लूट?

याचं मूळ कुठे आहे ते मला माहीत आहे. ते इथे नाही, आपल्या कॉलेजात आहे. फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवतंय? फिटिंगचा जॉब. लोखंडाची पट्टी हॅकसॉने कापायची, कानशीने घासून काटकोनात आणायची, मग दोन तुकडे एकमेकांत बसवायचे. आमच्या बॅचमध्ये किती जणांनी तो स्वतः घासला? वर्कशॉपच्या मामांना पैसे दिले की जॉब तयार मिळायचा, वर पंच केलेल्या रोल नंबरसकट. मामांनी घासलेल्या जॉबवर पोरं पास व्हायची आणि मामा जन्मभर मामाच राहायचे. शिक्षकांना ठाऊक, एचओडींना ठाऊक. जॉब घासणं म्हणजे खालच्या माणसाचं काम, आपलं काम व्हायवात 'फाइल्सचे प्रकार' सांगणं. हे आपण कॉलेजातही नाही शिकलो, घरूनच शिकून आलो होतो. लोहार, सुतार, चांभार यांना गावकुसाच्या कुठल्या कोपऱ्यात बसवायचं हे ठरवून ठेवलेल्या समाजाने इंजिनिअरिंगची डिग्री घेतली तरी कानस हातात धरायची लाज काही गेली नाही. ज्याला हात लावायचाच नाही ती वस्तू मोडली की दोनच मार्ग सुचतात, फेकून द्या किंवा कुणाच्या तरी गळ्यात बांधा. दुरुस्ती हा तिसरा मार्ग डोक्यात येतच नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हाच ट्रक नेला असता तर कुठल्याही मशीन शॉपमधल्या माणसाने पान लावता लावता स्टड बघितला असता आणि "संध्याकाळी या" म्हणून सांगितलं असतं. त्याच्याकडे डिग्री नसेल. इंजिनिअर तोच.

तर मी दुरुस्त करायचं ठरवलं. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, चाळीस वर्षं टूल अँड डाय मेकर म्हणून काढलेले. त्यांच्या गॅरेजात वेल्डिंग मशीन आहे आणि भरपूर वेळ आहे. त्यांनी पहिली अट घातली: घाई करायची नाही, आणि ईझी-आउट नावाचं हत्यार माझ्या दारात आणायचं नाही. ईझी-आउट म्हणजे मोडक्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात उलट्या पेचाचा कडक पोलादी खिळा घालून फिरवायचा. गंजलेला स्टड हलत नाही आणि तो खिळाच आत मोडतो. मग साध्या ड्रिलला न जुमानणारा कडक पोलादाचा तुकडा तुमच्या हेडमध्ये कायमचा मुक्कामाला. 'सोपं' या शब्दाचा इतका क्रूर वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पहिला आठवडाभर रोज संध्याकाळी नटांवर गंज सोडवणारं तेल मारायचं, एवढंच काम. शनिवारी ट्रक उचलून स्टँडवर ठेवला, पुढचं चाक आणि चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर काढलं. तिथून मॅनिफोल्ड दिसतो. शाबूत असलेले नट टॉर्चने लाल होईपर्यंत तापवायचे आणि पाना लावून पाव फेरा सोडायचा, परत थोडा आवळायचा, परत सोडायचा. एकदम जोर लावला की स्टड पिळून तुटतो. सहा नटांना अडीच तास लागले. सहाही शाबूत निघाले.

मॅनिफोल्ड बाहेर आला तेव्हा शेवटच्या सिलिंडरच्या तोंडाभोवती काजळीचा काळा पंखा उमटलेला होता. गळती नेमकी तिथली.

मोडलेल्यांपैकी एक स्टड चार-पाच एमएम बाहेर होता. त्यावर आधी वॉशर वेल्ड केला, मग वॉशरवर नट. (वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायला विसरू नका, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर स्वर्गवासी व्हायचा.) पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटायची भीती कमी. वेल्डच्या उष्णतेने स्टड आतल्या आत फुगतो, गंजाची पकड तुटते. मग थांबायचं. लाल असताना पाना लावायचा नाही, हात लावण्याइतकं निवू द्यायचं. दोनदा नट तुटून हातात आला. तिसऱ्यांदा कुईं असा आवाज झाला आणि स्टड हलला. आजोबा म्हणाले तेही खरं: मोडलेल्या स्टडवर ताण उरलेला नसतो, त्याला फक्त गंजाने धरलेलं असतं. तो घाबरवतो तितका घट्ट नसतो.

दुसरा मात्र हेडच्या पातळीत सपाट मोडला होता. त्यावर वेल्ड रचून पाहिला, चार प्रयत्न फुकट. मग ड्रिल. भोक बरोबर मध्यावर पडलं नाही तर ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे घसरतो आणि आटे खातो. म्हणून आजोबांनी पोलादाच्या जाड पट्टीचा साचा केला. शेजारच्या स्टडांवर पट्टी आवळायची, तिच्या भोकातून ड्रिल जाणार, तो इकडेतिकडे जाऊच शकत नाही. जागा इतकी अडचणीची की काटकोनी ड्रिल लागला. बिट डाव्या हाताचे, म्हणजे उलट फिरून कापणारे. कारण ड्रिल करता करता स्टड सुटलाच तर तो बाहेरच्या दिशेने सुटावा. तीन एमएमचं भोक, मग पाच. पाच एमएमचा बिट निम्मा आत गेला आणि अडकला, आणि दुसऱ्या क्षणी स्टडचा उरलेला तुकडा बिटावर गरगर फिरत बाहेर आला. मी जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजोबांनी फक्त चष्मा पुसला.

आटे टॅपने साफ केले. शाबूत राहिले होते, नवीन आट्यांचं इन्सर्ट बसवावं लागलं नाही. मॅनिफोल्डवर सरळपट्टी धरली तर मध्ये उजेड दिसत होता, इतका तो वाकलेला. तसाच परत लावला असता तर नवे स्टडही दोन वर्षांत गेले असते. बरेच जण इथेच पैसे वाचवतात आणि मग 'दुरुस्ती टिकत नाही' म्हणतात. नवा मॅनिफोल्ड, नवं गॅस्केट, आठही नवे स्टड. नट मधून सुरुवात करून टोकांकडे, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. दोन वीकेंड आणि साधारण अडीचशे डॉलर. सकाळी उणे आठमध्ये चालू केला. टायपिस्ट नोकरी सोडून गेला होता.

सगळ्यांनी हे घरी करावं असं माझं म्हणणं नाही. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये ट्रक उचलता येत नाही, प्रत्येकाच्या शेजारी असे आजोबा नसतात, आणि लहान मूल असलेल्या घरात दोन वीकेंड म्हणजे काय ते मला कळतं. मग दुकानात द्या आणि सोळाशे डॉलर कुरकुर न करता मोजा. तेही नको असेल तर विका, पण थंड असताना दाखवून विका. या तिन्हींत मला काहीही आक्षेप नाही. 'वेळ नाही' हे दुरुस्त न करण्याचं कारण होऊ शकतं, लपवण्याचं नाही. लपवायला पंधरा मिनिटं काढणारच होतात ना?

चौघांपैकी दोघांना हे सगळं तोंडावर सांगितलं. एक म्हणाला, "तू फार सीरियसली घेतोस." दुसरा गप्प बसला, आणि आठवड्याने त्याचा फोन आला: शिफ्टिंग आहे, शनिवारी ट्रक मिळेल का. (गणपतीची सजावट असो, सोफा असो, याच ट्रकची आठवण सगळ्यांना होते. तेव्हा तो 'भंगार' नसतो.) दिला. किल्ली देताना सांगितलं, सकाळी थंड असताना चालू कर आणि ऐक.

डाव्या बाजूचे स्टड अजून शाबूत आहेत, पण मागच्या दोन नटांचे कोपरे गंजून गोल झालेत. त्यांच्यावर कालपासून तेल मारायला सुरुवात केली आहे. आजोबांचा साचा माझ्याकडेच आहे. मिशिगनमधल्या कुणाला हवा असेल तर घेऊन जा, फक्त परत आणून द्या.